वॉरंटी जाईल म्हणून ब्रेक उघडू दिला नाही

मंडळी, आज जे घडलं ते लगेच लिहिते.

आमच्या कॅम्पर व्हॅनचा ब्रेक महिनाभर ढिला होता. धुळ्याचा डीलर दर वेळी म्हणायचा, "पार्ट आला नाही. बाहेर उघडलीत तर वॉरंटी गेली."

आज सकाळी पिंपळनेरच्या गॅरेजवाल्या आबांनी चाकाजवळ ओघळलेलं तेल दाखवलं. "ताई, अर्ध्या तासनं काम शे." मीच नको म्हटलं.

दुपारी सोनगीरजवळ पेडल तळाला गेलं. समोर ट्रक होता, मागच्या बर्थवर आई झोपलेली. नवऱ्याने हँडब्रेक ओढत गाडी शेतात घातली.

वाचलो. डीलरला फोन केला, तर त्याने आधी विचारलं, "बाहेर कुणी उघडली नाही ना?"

मागे आई रडत होती आणि मी घाईघाईने म्हणाले, "नाही साहेब, कुणी हातसुद्धा लावला नाही."

तेव्हा मी नेमकी कशाला घाबरले होते, सांगाल?