पॅरिसच्या हवेलीचा गवंडी

आमच्या गावचा मेस्त, म्हणजे गवंडी, कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवर थाप मारी आणि मग घरमालकाला ओळख दाखवी. "गवंडी कोण हेचो?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर आलं नाही तर तो त्या घरचा चहा घेत नसे.

कोकण रेल्वे नवी होती तेव्हा मी घर बांधायला काढलं. गावच्या नाटकांत राजे करून माझं डोकं फिरलेलं. साधं घर मला कसं चालेल? पणजीहून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात अठराव्या शतकातली, पॅरिसमधल्या एका सरदाराची हवेली होती. रस्त्याकडे उंच भिंत आणि दरवाजा, आत बग्ग्यांसाठी अंगण, मग घर, मागे बाग; आणि दिवाणखान्यांची दारं अशी एका ओळीत की पहिल्या दारातून थेट बाग दिसावी. माझ्या चार गुंठ्यांत मला हे सगळं हवं होतं.

"दारां एका रेषेत?" मेस्त म्हणाला. "म्हणजे तुमची बायको बांगडे तळता तां पोस्टमनाक रस्त्यावरसून दिसतलां."

मी हवेलीचा इतिहास ऐकवला. सरदाराने ती बांधली, क्रांतीत त्याची मान उडाली, पुढे तिथे सरकारी कचेरी आली.

"सरदारान बांधली? तेना चिरो उचललो? गवंडी कोण तां सांगा, मास्तर."

पुस्तकात सरदार होता, नकाशे काढणारा होता, सरदाराची कुत्रीसुद्धा होती. गवंडी नव्हता. मेस्त पुस्तक मिटून उठला. त्याने टाकलेलं काम गावात दुसरा गवंडी हाती घेत नसे. माझं घर चौथऱ्यावरच राहणार होतं. मी रंगमंचावरचा आवाज काढला.

"झांपियेर! एका डोळ्याने अधू. तीन मुली. परांचीवरून पडून गेला बिचारा."

मेस्ताने छातीवर क्रूस केला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला.

पुढे हा झांपियेर माझ्याच मानगुटीवर बसला. मी कमान मागितली की, "झांपियेर हसतलो." खांब मागितले की, "तो तर काम सोडून गेलो असतो." मीच जन्माला घातलेला माणूस माझ्याविरुद्ध साक्ष देत होता! घर अखेर मालवणीच झालं. फक्त दारं एका रेषेत आली, तीसुद्धा झांपियेरच्या मानाखातर. बांगड्यांची बातमी पोस्टमनला वेळेवर मिळते.

त्या नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, मेस्त मला चर्चमध्ये घेऊन गेला. "येवा, तुमच्या वळखीचो आसा." पाद्री मृतांची नावं वाचत होते. मेस्ताच्या आईबापांमागोमाग नाव आलं: झांपियेर. मेस्त गुडघ्यांवर, डोळे मिटून. बाहेर येताच मी सगळं कबूल केलं.

मेस्ताने चर्चच्या भिंतीवर थाप मारली. मग म्हणाला, "नाव खोटां आसात. पण भिंत कोणीतरी उभी केल्यान मा?"

पुढे म्हातारपणी तो मुलीकडे म्हापशाला गेला आणि तिथेच वारला. खबर महिन्याने आली. नोव्हेंबरात मी एकटाच चर्चमध्ये गेलो, त्याचं नाव द्यायला. नव्याने आलेल्या पाद्रींनी वही उघडली.

"पूर्ण नाव?"

मी ऐटीत तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. इतकी वर्षं मी त्याला नुसता मेस्त म्हणत आलो होतो.