भुसावळच्या बाहेर उभी मालगाडी

आईचा फोन आला तेव्हा मी जयपूरला, सीतापुऱ्यातल्या ऑफिसात होते. "बाबा उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. आदर्श नगरच्या घरी पोचले, तर शेजारचे डॉक्टर निघत होते. जेवणानंतर "जरा पडतो" म्हणून बाबा आडवे झाले, ते तसेच गेले. त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र चालू होता. पॉझ केलेल्या गेममध्ये, भुसावळच्या बाहेर, लाल सिग्नलपाशी एक मालगाडी उभी होती... बंद करण्याआधी मी ती फेरी सेव्ह केली. का, ते तेव्हा कळलं नाही.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. 'लोको पायलट' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथंच निवृत्त झाले. मग त्यांना रेल्वे चालवायचा हा गेम सापडला. त्यात खंडवा ते भुसावळ मार्ग त्यांनी एकेक सिग्नल लावून स्वतः तयार केला. घरात बनियनवर वावरणारा हा माणूस गेम सुरू करण्याआधी शर्ट घालायचा. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट, दोघांनीही सिग्नलचा रंग मोठ्यानं म्हणायचा असतो. असिस्टंट मी. शाळेपासून चारचौघांत तोंड न उघडणारी मी "यलो" असं पुटपुटायचे. "असिस्टंट मॅडम, लाज तुम्हाला वाटतेय की सिग्नलला?" बाबा विचारायचे.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. भुसावळचं यार्ड जवळ आलं, डब्यांच्या रांगा दिसायला लागल्या की चित्र अडखळायचं आणि गाडी मागे राहायची. बाबा तेवढा उशीर धरूनच, जरा थांबून ब्रेक लावायचे. मी म्हणायचे, नवा घ्या. "बॉडी ठणठणीत आहे, मतलब नुसतं इंजिन बदलायचं," ते म्हणायचे. इंजिन म्हणजे प्रोसेसर. त्याच बोर्डात बसेल असा वरचा प्रोसेसर शोधायला त्यांनी दुरुस्तीवाल्या गोविंद भैयांना सांगून ठेवलं होतं.

या गेममध्ये झालेली फेरी पुन्हा लावता येते. आता आई रोज दुपारी बाबांची ती शेवटची फेरी लावते आणि चहा घेऊन बाजूच्या स्टुलावर बसते. खुर्ची रिकामी असते, पण पडद्यावर ब्रेकचा दांडा आपोआप हलतो. फाटक आलं की भोंगा वाजतो, लांबलचक, बाबा द्यायचे तसाच. शेवटी गाडी लाल सिग्नलच्या अलीकडे, त्यांनी थांबवली तिथंच थांबते.

तेराव्यानंतर गोविंद भैया प्रोसेसर घेऊन आले. "अंकलजी ने मंगवाया था."

"लगा दो भैया, इनकी इच्छा थी," आई लगेच म्हणाली.

बसवल्यावर तिनं तीच फेरी लावली. चित्र कसं पाण्यासारखं वाहत होतं. यार्ड आलं... हा गेम चित्र साठवत नाही. बाबांनी कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली, तेवढंच साठवतो आणि गाडी पुन्हा चालवतो. नव्या प्रोसेसरवर गाडी कुठंच अडखळली नाही, म्हणून ती पुढे निघून आली होती. बाबांचा ब्रेक त्यांच्या वेळेलाच लागला. इंजिन लाल सिग्नल ओलांडून थांबलं.

 आई जवळजवळ ओरडलीच, "भैया, निकालो इसे!" आणि माझ्याकडे वळून, "उभ्या नोकरीत ह्यांनी लाल सिग्नल ओलांडला नाही गं."

भैयांनी सुचवलं, जुना लावून मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या, मग नवा बसवू. "व्हिडिओत नुसती गाडी दिसेल," आई म्हणाली. "ह्यांचा हात नसेल त्यात." बाबांना नवाच हवा होता, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हटलं, जुनाच राहू द्या. तो जुना कधीतरी बंद पडणार, हे भैयांनी बजावलंय.

रोज गाडी थांबली की आई कप उचलून आत जाते. मी बसून राहते. बाबांच्या कळा संपल्या तरी गेम चालूच असतो. थोड्या वेळानं सिग्नल पिवळा होतो, म्हणजे जपून पुढे निघायची परवानगी. गाडी हलत नाही...

परवा स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "मिळाला का गं सिग्नल?"

समोर पिवळा होता.

"नाही," मी म्हटलं. "लालच आहे अजून."