सहलीचं फाटक

दूध संघाच्या निवडणुकीत आमच्या गावच्या डेअरीचं मत माझ्याकडं होतं. मतं फुटू नयेत म्हणून पॅनेलवाल्यांनी आम्हा मतदारांना पन्हाळ्याजवळच्या रिसॉर्टवर सहलीला नेलं. गाडीत ती पण होती, इथलं राजकारण शिकायला आलेली परदेशी विद्यार्थिनी. सगळ्यांचे मोबाइल पिशवीत जमा झाले, तसा तिनंही हौसेनं आपला टाकला. तांबडा रस्सा वाटीनं प्यायची, मनगटानं डोळे पुसायची आणि लगेच वहीत लिहायची. काहीही विचारा, "व्हय की!"

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तिनं मला विचारलं, "तुमी घरी कधी जानार?"

"मतदानादिवशी. गाडी थेट केंद्रावर सोडती."

"आणि आज जायचं असंल तर?"

मी हसलो. "जाऊ की! आमाला कोण अडिवतंय?"

ती हसली नाही.

दुपारी ती निघाली. तिची बॅग घेऊन मी फाटकापर्यंत गेलो. वॉचमननं तिचा मोबाइल तिला दिला, फाटक उघडलं. तिच्यामागं मी एक पाऊल बाहेर टाकलं, तर त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला.

"पावणं, तुमी कुठं?"

माझी ही चौथी सहल. फाटकापर्यंत मी कधी गेलोच नव्हतो.