कॉलबॉयची हाक

दौंडच्या लोको शेडमध्ये चांगदेव जन्मभर कॉलबॉय होता. डोक्याचे केस पांढरे झाले, दात पडले, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायला लागली, तरी रेल्वेनं त्याला बॉयच ठेवलं. काम एकच. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांच्या दारात जायचं आणि त्यांना ड्युटीसाठी उठवायचं. आवाज असा की एकाला हाक मारली की सगळी चाळ उठून बसायची. एका गार्डाला तर त्यानं त्याच्याच लग्नाच्या मांडवातून उठवून मालगाडीवर धाडलं होतं, आणि तो गार्ड पुढं कितीतरी वर्षं त्याचे आभार मानत असे.

पण त्या कामाचा एक कायदा होता. आतून 'उठलो' असा आवाज आला की कॉलबॉयची जबाबदारी संपली. उठलो म्हणणारा परत कुशीवर वळला तर तो जाणे आणि त्याचा साहेब जाणे. चांगदेवाच्या हाडांत हा कायदा मुरला होता.

रिटायर झाल्यावर त्याला निर्व्यसन निवासात रखवालदाराची नोकरी लागली. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एका ट्रस्टनं रुळापलीकडच्या कौलारू घरात तो निवास काढला होता. दारू नाहीतर अफू सोडलेल्या, पण घरी जाऊन टिकाव धरतील याची खात्री नसलेल्या माणसांनी तिथं काही महिने राहायचं, भाज्या पिकवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणायची. चांगदेवानं त्यांना उठवायचं. तो स्वतः दिवसभर तंबाखू मळत असे, पण ट्रस्टी स्वतःच तपकीर ओढत असल्यामुळे हे व्यसन धरायचं नाही असं सर्वानुमते ठरलं होतं.

तिथं राहू गावचे बबनराव होते. पाठीच्या दुखण्यावर म्हणून अफू सुरू केली आणि पाठ बरी झाली तरी अफू राहिली, असा त्यांचा इतिहास. निवासात येऊन अंगावर मांस चढलं होतं, तोंडावर तेज आलं होतं. एकच गोष्ट सुटत नव्हती, ती म्हणजे बांध. चुलतभाऊ सोपानराव यांच्याशी त्यांचं बांधावरून भांडण होतं आणि दोघांत कैक वर्षं अबोला होता. पण शेतं शेजारी, विहीर सामाईक. बोलल्याशिवाय भागतंय कुठं? म्हणून एकमेकांसमोर उभे राहून ते तिसऱ्या माणसाशी बोलत. "सांगा त्याला, पाण्याची पाळी आज माझी हाय," आणि मधल्या माणसानं ते हातभर अंतरावर पोचवायचं. कुणी नसेल तर बैलाला सांगत.

बांधाच्या सरकारी मोजणीसाठी बबनराव गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. स्वयंपाकीण सोजराबाईंनी वाढलेली भाकरी त्यांनी निम्मी टाकली आणि खोलीत जाऊन आडवे झाले. मोजणीत वीतभर बांध सोपानरावांकडं गेला, एवढंच त्यांनी सांगितलं. डोळे जड दिसत होते. प्रवास झालाय, असं सगळ्यांना वाटलं.

चहाच्या वेळी चांगदेवानं दारातून हाक दिली. "बबनराव! च्या लागला!"

"उठलो," आतून आवाज आला.

चांगदेव परत फिरला. चहा निवायला लागला तेव्हा सोजराबाई कुरकुरल्या. तो पुन्हा दारापर्यंत गेला.

"बबनराव!"

"उठ...लो."

"उठल्यात," चांगदेवानं निर्धास्तपणे कळवलं आणि तंबाखू मळायला बसला.

सोजराबाई मात्र रेल्वेत नव्हत्या. त्या कपबशी घेऊन सरळ आत गेल्या आणि कपबशी फुटल्याचा आवाज आला. "चांगदेव मामा, उठल्यात कुठं? हे चाललं की!"

बबनरावांचे ओठ काळेनिळे पडले होते. घशात घरघर होती. एक श्वास येई आणि पुढचा येतो की नाही याची वाट पाहावी लागे. आपण दोनदा दारापर्यंत आलो आणि दोनदा परत गेलो, हे चांगदेवाला एकदम कळलं. निवासातला ज्ञानू सायकल घेऊन डॉक्टरांकडं पळाला. चांगदेवानं बबनरावांना भिंतीला टेकवून बसवलं आणि मालगाडीच्या ड्रायव्हरला मारावी तशी हाक मारली. बबनरावांनी श्वास घेतला. हाक थांबली, श्वास थांबला. पाणी मारलं, नाकाशी कांदा धरला, कान पिरगाळला. दरवेळी एक श्वास मिळे आणि तोही आधीच्यापेक्षा उशिरा.

एवढ्यात दारात धोतर सावरत एक दमलेले गृहस्थ उभे राहिले. हातात पत्र्याची रिकामी डबी होती.

"मी सोपानराव. राहूचा. ही डबी विहिरीच्या कोनाड्यात सापडली. अफू पहिल्यापासनं तिथंच ठेवायचा. म्हणलं परत द्यावी, उद्या मी चोरली म्हणंल." डबी परत द्यायला माणूस मिळेल त्या ट्रकनं दौंडला आला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक होता. "सगळी खाल्ली का त्यानं? पुसा त्याला."

"बबनराव," चांगदेव सवयीनं म्हणाला, "हे पुसत्यात, सगळी खाल्ली का?"

बबनराव ढिम्म.

"त्याला सांगा, झोपू नगंस. सांगा, बांध माझ्याकडं आलाय."

"बबनराव, बांध त्यांच्याकडं आलाय!"

बबनरावांची पापणी हलली. ओठांतून शिवीचा पहिला अर्धा भाग बाहेर आला आणि त्याबरोबर मोठा श्वास आत गेला. सोजराबाईंनी हात जोडले.

मग त्या खोलीत जे सुरू झालं त्याला उपचार म्हणायचं की तंटा, हे कुणाला सांगता आलं नसतं. सोपानराव एकेक जुनं काढत. "सांगा त्याला, बाभळ माझी व्हती." "सांगा, त्याच्या म्हशीनं माझा हरभरा खाल्ला." चांगदेव ते गर्जून पोचवत होता. बाभळीला एक श्वास मिळाला, म्हशीला दोन. सोजराबाई अधूनमधून स्वतःच्या पदरच्या चार शिव्या घालत. पण बाभळ जुनी झाली, म्हैस संपली. बबनरावांची मान छातीवर पडली. चांगदेवानं "बांध, बांध" असा नुसता घोष लावला. श्वास आला नाही.

रेल्वेनं एकदा प्रथमोपचाराचा वर्ग घेतला होता. जन्मभर लोकांना उठवणारा चांगदेव त्या वर्गात निम्म्यातच झोपी गेला होता. जागेपणीचा निम्मा मात्र त्याला आठवला: माणूस उताणा करा, मान मागं करा, नाक दाबा, तोंडात फुंका. त्यानं बोळक्या तोंडानं फुंकलं. छाती वर आली. परत फुंकलं. किती वेळ फुंकायचं ते झोपेत गेलं होतं, म्हणून तो फुंकतच राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मामा, सांगा त्याला..." सोपानराव म्हणाले. पण मामांचं तोंड मोकळं नव्हतं आणि सोजराबाई पाण्याला धावल्या होत्या. तिसरा माणूसच उरला नाही. सोपानराव गुडघ्यांवर बसले, बबनरावांचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडले, "बबन्या! आरं बबन्या! लबाडा, मला एकट्याला टाकून जातूस व्हय रं? मी भांडू कुणाशी?"

बबनरावांच्या घशात खरखरलं आणि श्वास आला, आपला आपण.

डॉक्टर आले, सुई टोचली. "पहिल्याइतकाच गोळा खाल्ला यांनी. सुटलेल्या माणसाला जुनं माप सोसत नाही, शरीर विसरलेलं असतं," ते म्हणाले. "या सुईचा जोर ओसरला की हे परत गुंगतील. दवाखान्यात न्यायचं, आणि एक क्षण एकटं सोडायचं नाही." टांग्यात बबनरावांच्या उशाशी बसून सोपानराव अख्ख्या बाजारातून मोठमोठ्यानं बांधावर भांडत गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बबनराव उशीला टेकून बसले होते. एका बाजूला सोपानराव, मध्ये चांगदेव.

"मामा," बबनराव खोल आवाजात म्हणाले, "काल मला बबन्या म्हणून कोन बोललं?"

"हे बोलले."

"मग त्यांना सांगा, अबोला त्यांनी मोडला. हरलं त्ये."

सोपानराव खाली बघत म्हणाले, "सांगा त्याला, हरलो."

चांगदेवानं जन्मभर कुणाचा निरोप अडवून ठेवला नव्हता. त्यानं तंबाखूची चंची उघडली, परत बांधली.

"म्या दारातनं हाका मारल्या आन् माघारी गेलो," तो म्हणाला. "आता न्हाई. तुमचं तुमीच सांगा."

सोपानरावांनी बबनरावांच्या हातावर हात ठेवला.

"बबन्या, हरलो रं मी."

बबनरावांनी डोळे मिटून घेतले. चांगदेव घाबरून पुढं झुकला आणि नाकाशी हात धरून श्वास बघू लागला.

"जागा हाय मी," बबनराव म्हणाले. "त्याला परत म्हणू द्या. नीट ऐकू आलं न्हाई."