जुन्याबाईंचा अख्खा कागद

जुन्याबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्या जुन्या तऱ्हेचे कपडे शिवायच्या, म्हणून जुन्याबाई. कंबरेला चुण्या घातलेले फ्रॉक, फुग्याच्या बाह्या, आणि आतून घालायच्या सुती बॉड्या, रुंद पट्ट्यांच्या, पुढे बटणं असलेल्या. कॉलेजातल्या पोरी आजीच्या तरुणपणचा फोटो घेऊन यायच्या आणि अगदी अस्संच हवं म्हणून हटून बसायच्या. फोटोत आजी जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी असायची, पण जुन्याबाईंना तेवढी पुरायची.

मशीन बाहेरच्या खोलीत, खिडकीशी होतं. मापाला कुणी आलं की नवऱ्याची रवानगी स्वयंपाकघरात व्हायची. तो बिचारा वर्तमानपत्र घेऊन बसायचा, आणि त्यालाही बहुतेक वेळा मोठं भोक पडलेलं असायचं, कारण कटिंगचे कागद त्यातूनच निघायचे. हे कागद सगळे अर्धेच. कापड दुमडायचं, घडीवर अर्धा कागद ठेवायचा, कात्री चालवायची. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. अख्खा कागद कापणं म्हणजे नुसती नासाडी, माणूस काय दोन्हीकडून सारखाच असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

वाचनालयातल्या ग्रंथपाल त्यांच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या छातीशी फाइल धरूनच. वय पंचेचाळिशीचं. दोन महिन्यांच्या रजेनंतर येत्या सोमवारी त्यांना कामावर जायचं होतं, आणि त्याचंच त्यांना टेन्शन आलं होतं. दुकानातली बॉडी हात वर केला की सरकते, मागच्या हुकांपर्यंत हात पोचत नाही, म्हणून आईची असायची तशी पुढच्या बटणांची हवी, असं त्या म्हणाल्या. अंगावर माप मात्र त्यांनी घेऊ दिलं नाही. चिठ्ठीवर आकडे लिहून आणले होते. हे जुन्याबाईंच्या मनाला लागलं. एवढाच अविश्वास असेल तर आपणही काही विचारायचं नाही, असं म्हणून त्यांनी फुरंगटूनच कापड घडीवर कापलं.

शुक्रवारी ग्रंथपाल ती बॉडी घालून आरशापुढे उभ्या राहिल्या. उजवीकडे झकास बसली होती. डावीकडे कापड पोकळ राहिलं होतं. बसण्यात चूक दिसली की जुन्याबाईंचा हात तोंडाच्या आधी चालायचा. त्यांनी सरळ पुढे होऊन ती पोकळ जागा दाबली, आणि हात तिथेच थांबला. आत काहीच नव्हतं.

आरशातूनच त्यांच्याकडे बघत ग्रंथपाल म्हणाल्या, "ऑपरेशनमध्ये काढावं लागलं, मावशी. सांगणार होते, पण तोंडातून शब्दच निघेना."

जुन्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मापाचे आकडे तेवढे वाचले, पण बाई फाइल खाली का ठेवत नाही, हे आपल्याला दिसू नये? चूक माझीच, मी रागाच्या भरात कापलं, असं त्यांनी कबूल केलं. मग टेप हातात घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, हात लावू का म्हणून विचारलं. ग्रंथपालांनी मानेनंच हो म्हटलं.

शनिवारी सकाळी जुन्याबाईंनी न वाचलेलं वर्तमानपत्र नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं. तो कुरकुरणार होता, पण बायकोचा चेहरा बघून कागद हलू नये म्हणून कोपरा धरून उभा राहिला. उजवी बाजू वेगळी आखली, डावी वेगळी. मग घडी न घालता कापड सपाट पसरून त्यांनी कात्री लावली. डाव्या बाजूला आतून खिसा केला, त्यात कापसाची गादी भरली, आणि उजवीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. कुणाच्या बापाला कळणार नाही, असं म्हणून स्वतःवरच खूश झाल्या.

रविवारी ग्रंथपालांनी बटणं लावली आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक काढावं तसा हात उंच केला. बॉडी तसूभरही हलली नाही. त्या बराच वेळ आरशात बघत राहिल्या. मग खिशातली गादी हळूच काढून त्यांनी मशीनवर ठेवली.

जुन्याबाईंचा चेहरा पडला. नीट बसली नाही का, असं त्यांनी विचारलं.

"छान बसलीय. पण दिवसभर ही जागेवर आहे ना, हेच बघत राहीन मी. असंच सपाट शिवून द्याल?"

जुन्याबाईंच्या आता ध्यानात आलं. लपवायचं आपणच ठरवलं होतं, हिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांनी टाचण्या घेतल्या आणि डावीकडचं जास्तीचं कापड चिमटीत धरून अंगाबरोबर बसवायला सुरुवात केली.

दोन टाचण्या लागल्यावर ग्रंथपाल हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या सगळ्यांना दिसेल, नाही?"

"दिसू दे," जुन्याबाई म्हणाल्या. "शिवण सरळ आहे."

ग्रंथपालांना आधी हसू फुटलं आणि मग हसता हसताच रडू कोसळलं. हुंदके थांबेपर्यंत जुन्याबाईंनी पुढची टाचणी लावली नाही.