इलाजाआधीचं रक्त

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबचं कुलूप काढलं, तर अलार्म ओरडत होता आणि मोठ्या फ्रीझरखाली पाणी साचलं होतं. मी आधी लॅबच्या प्रमुख मॅडमना फोन लावला.

"मॅडम, फ्रीझरचं दार... पूर्ण लागलेलं नाही. थोडंसंच उघडं आहे."

"लाव ते आधी. निघाले मी."

दार लागेना. झेंडूच्या तोरणाचा पदर दाराच्या रबरात अडकून गोठला होता. तो उपटून काढला, तेव्हा लागलं.

आमची लॅब परळला. मी तिथे अटेंडंट. गाव किनवटच्या पुढे, शाळा आठवीत सुटली. हे काम मला सावंतकाकांनी लावून दिलं. काका आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, लालबागचे. पहिल्या महिन्यात त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझीच असायची. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या हातून घडलं.

काकांचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. खंडेनवमीला साच्याला हार घालायचे. काकांनी तीच रीत लॅबमध्ये आणली. "ज्येच्यार पोट भरता, तेका हात जोडूक होये गो," म्हणायचे. त्या वर्षीही सगळ्या मशीनना कुंकू लागलं, फ्रीझरला तोरण. पेढे सगळ्यांनी खाल्ले. संध्याकाळी काकांनी शेवटचा बॉक्स आत ठेवला, दार लावलं आणि आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. बंद खोलीतला अलार्म कोणाला ऐकू जाणार?

त्या फ्रीझरमध्ये काय असतं ते सांगते. मला मॅडमनी सांगितलं तसंच. अंगाला जखम झाली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, इथे सूज आणा, मदत पाठवा. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. जखम भरली की ते थांबायला हवेत. मोठ्या आतड्यात कधी कधी थांबतच नाहीत. मग कॅन्सरची गाठ त्याच निरोपांवर पोसते. कोणाच्या रक्तात किती निरोप आहेत आणि त्यावरून कोणाचा आजार उलटेल हे आधी कळतं का, हे मॅडम शोधत होत्या. त्यासाठी इलाज सुरू होण्याआधीचं रक्त लागतं. ते वजा ऐंशी अंशांना गोठवून ठेवायचं. मध्येच वितळलं तर निरोप मोडतात.

मॅडमनी आल्या आल्या वरचा कप्पा उघडला. नळ्यांमधलं सगळं पातळ झालं होतं. तेवढ्यात काका आले. तोरण बघून स्टुलावर बसले.

"मॅडम, परत गोठवूया. दिसायला तर तसंच आहे."

"दिसायला, काका. मशीन आकडा देईलच. पण तो पेशंटचा की आपल्या फ्रीझरचा, कोण सांगणार?"

काका स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "माझ्या हातून झालंय. तसंच कळवा वर."

"कळवते. पेढा मीही खाल्ला होता, तेही कळवते."

वरच्या कप्प्यातल्या नळ्या बाद झाल्या, खालच्या तेवढ्या गोठलेल्या राहिल्या होत्या. बाद नळ्यांच्या पेशंटांपैकी काही तोवर वारले होते.

जे होते, त्यातल्या एक परबकाकू. हिंदमाताच्या कापडबाजारात ब्लाउज शिवतात. तपासणीला आल्या की मला हटकून भेटायच्या. दिवाळीनंतर आल्या.

"काय गं, माझ्या रक्तातून काय निघालं?"

मॅडमनी सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर खोटं बोलू नकोस, माझ्याकडे पाठव. पण काकूंनी माझा हात धरला होता.

"काकू, ते खराब झालं. फ्रीझरचं दार नीट लागलं नव्हतं."

"अगं, एवढंच ना? मग घे परत." त्यांनी बाही वर केली. इंजेक्शनांनी हात काळानिळा पडला होता.

"नाही चालत. ते औषध सुरू व्हायच्या आधीचं होतं."

त्या बाही तशीच धरून बसल्या. मग हळूच खाली केली. "मुलीला सांगितलं होतं मी," म्हणाल्या, "की तुझ्यावर ही वेळ आली तर माझं रक्त उपयोगी पडेल."

मी त्यांना मॅडमच्या केबिनपर्यंत सोडलं. आत गेले नाही.

अभ्यास खालच्या कप्प्यावर पुरा झाला. मॅडम म्हणतात, उत्तर मिळालं, पण कच्चं. काका रिटायर झाले. पूजा अजून होते, हार मात्र भिंतीवरच्या खिळ्याला. आणि फ्रीझरचं दार एकाने लावलं की दुसऱ्याने ओढून बघायचं. लावणाऱ्याला ते नेहमी लागलेलंच वाटतं.