गयेत सोडलेला दुधी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका नियमाने जगणारा आणि नियमातून इतक्या सफाईने निसटणारा माणूस सबंध काशीत दुसरा सापडायचा नाही. बँकेने माझी बदली बनारसला केली तेव्हा "तिथे घरचं कुणीतरी आहे" म्हणून आई निश्चिंत झाली. ते घरचं कुणीतरी म्हणजे रामघाटावरचे हे काका. त्यांना मूलबाळ नाही. त्यामुळे गेली तीन वर्षं त्यांच्या निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांची सेवा माझ्याकडे आहे, आणि खरं सांगतो, मी दमलो आहे. दवाखान्याची रांग, रिपोर्ट, पथ्याच्या भाज्या, सगळं माझ्या गळ्यात. काका मात्र ताजेतवाने. रक्तातलं आम्ल उतरावं म्हणून दिलेल्या सोड्याच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा घ्यायच्या होत्या. आचमन तीनदा असतं म्हणून ते सकाळच्या आचमनालाच तिन्ही गिळून मोकळे होत. चार महिन्यांनी हे मला कळलं तेव्हा म्हणाले, "अरे भई, संख्या तर बरोबर आहे ना?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं, "पंडित जी, खून में तेज़ाब बढ़ रहा है." काकांनी त्याच दिवशी लिंबू, चिंच, ताक सगळं बंद केलं आणि आंबट गेल्याची भरपाई म्हणून रबडी नि घट्ट वरण दुप्पट केलं. पुढचा रिपोर्ट आणखी बिघडला. मग डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हे आम्ल जिभेला लागणाऱ्या आंबटाचं नव्हे. डाळ, आटवलेलं दूध, धान्य पचताना ते अंगात तयार होतं. धड मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, काकांची टाकेनाशी झाली आहेत. भाज्या त्याला उतारा, पण पोटॅशियममुळे त्यांना सगळ्या चालणार नाहीत. "लौकी, तोरई, परवल. उबालिए, पानी फेंक दीजिए. वरना कुछ महीनों में डायलिसिस की बात करनी पड़ेगी."

काकांनी हात जोडले. "डॉक्टर साहब, ये तीनों तो हम गया जी में छोड़ आए हैं."

काका तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना काशी, प्रयाग, गया करवून आणण्यात त्यांचा जन्म गेला. गयेला श्राद्ध झालं की आपल्या आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी पितरांसाठी कायमची सोडायची रीत आहे. ऐन वेळी यात्रेकरू कचरतात. मग त्यांना धीर यावा म्हणून काका आधी स्वतः काहीतरी सोडत. एकदा दुधी, एकदा दोडका, एकदा परवल. लोक गहिवरून नमस्कार करत.

त्या दिवशी घरी आल्यावर माझा तोल सुटला. "उद्यापासून मी येणार नाही," असं मी सांगून टाकलं. काका पोथी चाळत राहिले. स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मी सासूबाईंच्या वेळी पेरू सोडला. इलाहाबादचा पेरू ठेल्यावर दिसला की अजून मान फिरवते. यांनी दुधी सोडला. यांना दुधी कधी आवडला होता?"

काकांनी पोथी मिटली.

"नव्हता आवडत," काका शेवटी म्हणाले. "म्हणजे पितरांसमोर मी काही सोडलंच नाही. लोकांना सोडायला लावलं आणि आपण नावडतं टाकून आलो." त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. मी जिंकलो होतो आणि मला फार वाईट वाटत होतं. ते उठले, हातपाय धुऊन आले, हातावर पळीभर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "रबडी," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी उकडलेला दुधी त्यांनी एखादा अपमान गिळावा तसा गिळला, पण गिळला. आता गोळ्याही तीन वेळा घेतात, फक्त आचमनंही नऊ होतात. आम्ल थोडं उतरलं आहे. डायलिसिसची बात तूर्त पुढे गेली आहे, टळलेली नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. यात्रेकरूंना ते बजावतात, "आवडतं तेच सोडा. नावडतं सोडलंत तर डॉक्टर तेच ताटात वाढतो."

संध्याकाळी मी त्यांना फिरवून आणतो. गल्लीच्या तोंडाशी रबडीवाल्याची कढई असते. तिथे त्यांची पावलं हळू होतात. "तू घे," ते म्हणतात. मलाही रबडी जीव की प्राण. पण त्यांच्यादेखत ती माझ्या घशाखाली उतरायची नाही, म्हणून मी सांगतो, "मला नाही आवडत, काका."

काल त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "मग माझं करायला गयेला जाशील तेव्हा रबडी सोडू नकोस," म्हणाले, "चालायची नाही." आणि माझा खांदा धरून घाटाच्या पायऱ्या उतरू लागले.